बागेत आलेल्या माणसाला थांबू द्या: महानगरांच्या उद्यान विभागांना खुले पत्र

प्रति,
महानगरांचे उद्यान अधीक्षक, उद्यान विभागांतले अभियंते आणि नगररचनाकार यांस,

स.न.वि.वि.

हे पत्र नव्या बागेच्या मागणीसाठी नाही. मोठ्या शहरात मोकळी जमीन मिळवणं अवघड असतं आणि मिळालेली राखणं त्याहून अवघड, याची मला जाणीव आहे. एखाद्या भूखंडावरचं आरक्षण उठू नये म्हणून तुमच्यातल्याच काही जणांनी वर्षानुवर्षं फायली धरून ठेवलेल्या असतात. त्यांचं नाव कुठल्याही कोनशिलेवर येत नाही. त्यांच्याबद्दल मनात आदर ठेवूनच लिहिते आहे. बोलायचं आहे ते आज आपल्या हातात असलेल्या बागांबद्दल, टेकड्यांबद्दल, तळ्याकाठच्या आणि नदीकाठच्या हिरव्या पट्ट्यांबद्दल.

मागणं एकच आहे. तिथे आलेल्या माणसाला निवांत थांबता आलं पाहिजे.

बागेचा हिशेब मांडताना क्षेत्रफळ मोजलं जातं, झाडं मोजली जातात, कारंजी, दिवे, व्यायामाची साधनं मोजली जातात. माणूस आत आल्यावर किती वेळ रमला, हे मात्र कुणी मोजत नाही. बागेचा खरा उपयोग होतो तो त्याच वेळात. इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा त्याहून जास्त वेळ निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये ‘माझी तब्येत चांगली आहे, मी समाधानी आहे’ असं सांगणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. हा वेळ एका दमात मिळाला की तुकड्यातुकड्यांनी, याने फरक पडला नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण मुळात धडधाकट असलेली माणसंच जास्त फिरत असतील. तरीही १२० मिनिटं म्हणजे दिवसाला जेमतेम १७ मिनिटं. कामाच्या रगाड्यातही माणूस एवढा वेळ काढू शकतो. फक्त तो काढेल तेव्हा बाग उघडी हवी, आणि तिथे टेकायला जागा हवी.

म्हणून आधी फाटकाबद्दल बोलते.

अनेक शहरांतल्या बागा सकाळी काही तास उघडतात, दुपारी बंद होतात, संध्याकाळी पुन्हा थोडा वेळ उघडतात आणि लवकरच शिट्ट्या वाजू लागतात. हे वेळापत्रक कुणाच्या सोयीचं आहे? निवृत्त माणसाला ते चालून जातं, हौसेने पहाटे उठणाऱ्यालाही चालतं. पण पाळीत काम करणारे, दिवसभर सामान पोहोचवत फिरणारे, घरकाम करणाऱ्या बायका, दुपारी दोन तास मोकळे मिळणारे विद्यार्थी, एकाच खोलीत चार माणसं राहतात म्हणून अभ्यासाला कोपरा शोधणारी मुलं, या सगळ्यांना ज्या वेळी बाग हवी असते नेमकी त्याच वेळी ती बंद असते. ज्यांच्या घराला गच्ची नाही, अंगण नाही, खिडकीतून झाड दिसत नाही, त्यांच्या तोंडावर आपण कुलूप लावतो.

हा प्रश्न बागांइतकाच जुना आहे. १८४० मध्ये इंग्लंडमधल्या डर्बी शहराला जोसेफ स्ट्रट या गिरणीमालकाने वृक्षोद्यान भेट दिलं, तेव्हा ते आठवड्यातले दोनच दिवस मोफत असे. बाकीच्या दिवशी पैसे मोजल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नसे. सार्वजनिक बागेची कल्पना तिथून पुढे सरकली ती दार अधिकाधिक उघडत नेल्यामुळे. इंग्लंडमधल्याच बर्कनहेड गावची बाग १८४७ मध्ये लोकांच्या पैशातून उभी राहिली आणि सगळ्यांसाठी खुली झाली. १८५० मध्ये फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांनी ती पाहिली. श्रीमंतांबरोबर गरीबही त्या हिरवळीवर तितक्याच हक्काने वावरतात, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. पुढे कॅल्व्हर्ट वॉक्स यांच्याबरोबर त्यांनीच न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा आराखडा केला.

दुपारी बाग उघडी ठेवली तर लोक झोपतात, जोडपी बसतात, रात्री दारुडे शिरतात, ही तुमची बाजू मला ठाऊक आहे. देखभाल कधी करायची, हाही रास्त प्रश्न आहे. दारूचा आणि मारामारीचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण झाडाखाली कुणी झोपलं तर बागेचं काय बिघडतं? उन्हात राबून आलेला माणूस सावलीत तासभर आडवा झाला, तर ज्या कामासाठी ते झाड लावलं तेच काम ते करतं आहे. जोडप्यांचंही तेच. शहरात दोन माणसांना शांतपणे बोलायला जागा नसते, म्हणून ती बागेत येतात. त्यांना हुसकावून लावण्यात सुरक्षारक्षकाचा निम्मा दिवस खर्च होतो आणि बागेत मुक्काम ठोकून दादागिरी करणारी टोळकी तशीच राहतात.

ओस पडलेली जागा कुलपाने सुरक्षित होत नाही. न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क १९७०-८० च्या दशकांत अमली पदार्थांच्या विक्रीसाठी बदनाम होतं. चार वर्षं बंद ठेवून ते नव्याने घडवलं आणि १९९२ मध्ये पुन्हा उघडलं. तिथे केलं काय, तर रस्त्यावरून आतलं दिसू न देणारी उंच कुंपणझुडपं काढली, प्रवेशाच्या वाटा मोकळ्या केल्या आणि हव्या तिथे उचलून नेता येतील अशा सुट्या खुर्च्या हिरवळीभोवती मांडल्या. सफाईला आणि देखरेखीला माणसं नेमली, कार्यक्रम सुरू केले. सर्वसामान्य माणसांची वर्दळ वाढली तसं त्या जागेचं रूप पालटलं. त्यामागे पैसा आणि मनुष्यबळ दोन्ही होतं, हे मी लपवत नाही. पण दिशा उघडण्याची होती.

सबंध बाग रात्रभर उघडी ठेवा, असा हट्ट नाही. एक मुख्य पायवाट आणि तिच्या कडेचे बाक उशिरापर्यंत खुले ठेवता येतात. दुपारी देखभाल करायची तर आज हा भाग, उद्या तो, असं करता येतं. सगळी बाग रोज चार-पाच तास बंद ठेवण्याइतकं काम दुपारी चालतं का, हे तुम्ही स्वतःच एकदा जाऊन पाहा.

फाटक उघडं असलं तरी तिथवर पोहोचण्याची निराळीच कथा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने एक ढोबळ निकष सुचवला आहे: प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे साधारण पाच मिनिटांच्या चालीवर, किमान अर्धा ते एक हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी. पण हे अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजलेलं असतं. प्रत्यक्षात बाग घरासमोर, मध्ये भरधाव रस्ता, आणि फाटक पार पलीकडच्या बाजूला. आजीला नातवाचं बोट धरून भिंतीला वळसा घालत, पदपथ नाही म्हणून गाड्यांच्या कडेने चालत, पंधरा मिनिटं काढावी लागतात. परतीची पंधरा वेगळी. चौथ्या दिवशी ती येणं सोडते. सेंट्रल पार्कच्या १८५८ च्या आराखड्यात आडवे जाणारे चार रस्ते बागेच्या पातळीखाली खोदून नेले होते. घोडागाड्या खालून आणि चालणारी माणसं वरून, एकमेकांच्या वाटेत न येता. मोटार जन्मायच्या आधी हे सुचलेलं आहे. आपल्याला निदान भिंतीत आणखी दोन दारं पाडता येतील आणि प्रत्येक दारासमोर रस्ता ओलांडायला सिग्नल देता येईल. नवी बाग घडवण्याच्या मानाने हा खर्च अगदी किरकोळ आहे.

आता बाकांबद्दल. इथे थोडी रेंगाळणार आहे, कारण माणसाने थांबायचं की निघायचं हे बहुतेक वेळा बाकावरच ठरतं.

उन्हाळ्यात भर दुपारी तीनच्या सुमाराला एखाद्या नव्याने सुशोभित केलेल्या बागेत जाऊन या. चकचकीत पोलादी बाक वाटेच्या कडेला एका ओळीत, सारख्या अंतरावर, सगळे एकाच दिशेला तोंड करून. एकाही बाकावर सावली नाही. हात टेकवला तर चटका बसतो. वीस पावलांवर जुन्या झाडाची गर्द सावली पडलेली आहे, आणि तिथे एकही बाक नाही. त्या सावलीत चार माणसं झाडाच्या पाराला पाठ लावून जमिनीवर बसलेली दिसतील आणि बाकांवर कावळ्याची शीट वाळलेली दिसेल. आराखडा कागदावर काढला तेव्हा झाड एक हिरवा गोल होता आणि बाक एक काळा चौकोन. तीन वाजता सावली कुठे सरकते, ते त्या कागदावर नव्हतं.

विल्यम व्हाइट या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या चौकांवर कॅमेरे लावून माणसं कुठे बसतात, किती वेळ बसतात, कुठून निघून जातात, हे बारकाईने पाहिलं. चौकाचा आकार, वास्तूचा डौल यांपेक्षा बसायला जागा किती आणि कशी आहे यावर तिथली गर्दी जास्त अवलंबून होती. सुट्या खुर्च्या असल्या तर माणूस बसण्याआधी खुर्ची जराशी सरकवतो, भले इंचभरच, हेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. तेवढ्या हालचालीने ती जागा त्याची होते. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: ज्या चौकांचा वापर चांगला होता, तिथे बायकांचं प्रमाण जास्त होतं. बसायची जागा बायका जास्त पारखून घेतात. म्हणून एखाद्या बागेतून बायका कमी झाल्या, तर तिथे काहीतरी बिनसलं आहे असं समजावं.

खुर्च्या चोरीला जातील ही भीती तुम्हाला असणार. मग बाक पक्केच ठेवा, पण मांडणी बदला. काही समोरासमोर, म्हणजे चौघांना गप्पा मारता येतील. काही एकटेच, पाठीमागे झुडूप असलेले, कारण एकट्या माणसाला पाठीमागून कुणी येणार नाही याचा भरवसा लागतो. काहींना पाठ आणि हात दोन्ही हवेत, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला उठताना हाताचा आधार लागतो. नुसता दगडी कट्टा त्याच्या कामाचा नाही. आणि कुणी आडवं होऊ नये म्हणून बाकाच्या मधोमध जो लोखंडी दांडा ठोकतात, तो कृपा करून काढून टाका. त्याने बेघर माणसाची सोय होत नाही आणि मुलाला मांडीवर निजवलेल्या आईचीही होत नाही.

मुलांच्या खेळाच्या जागेलाही सावली हवीच. रबरी फरशी आणि धातूची घसरगुंडी उन्हात इतकी तापते की कातडी भाजू शकते. दिवसातला मोठा वेळ ती साधनं नुसती तापत पडलेली असतात.

स्वच्छतागृहाबद्दल लांबण लावण्याची गरज नाही. ते नसेल, किंवा असून त्याला कुलूप असेल, तर बाई तासभरही थांबू शकत नाही. मधुमेही थांबू शकत नाही, गरोदर बाई थांबू शकत नाही, लहान मूल सोबत असलेलं कुणीच थांबू शकत नाही. बागेत नवं काही बांधण्याआधी ते कुलूप उघडा. दिवा, पाणी, कडी आणि सफाईला माणूस एवढ्याची सोय करा. पिण्याच्या पाण्याचंही तसंच.

आता मुलींबद्दल. व्हिएन्ना शहरात १९९० च्या दशकात बागा कोण वापरतं याचा अभ्यास झाला. त्यात दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली दोघंही बागेत येतात. त्यानंतर मुलींचं येणं झपाट्याने कमी होतं, मुलग्यांची संख्या मात्र टिकून राहते. मुलींना खेळायचं नव्हतं असं नाही. सलग मोठं मैदान होतं, ते मुलगे व्यापून टाकत आणि जागेसाठी भांडण्यापेक्षा मुली काढता पाय घेत. शहराने १९९९ मध्ये दोन बागा बदलायला घेतल्या. सलग मैदानाचे छोटे भाग पाडले, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. मुली परत येऊ लागल्या आणि एकमेकांना हुसकावून न लावता दोघांचेही गट तिथे खेळू लागले.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण ‘मुलींना आम्ही कुठे अडवलं?’ असा प्रश्न हमखास येतो. पाटी लावून कुणी अडवत नाही. एकच मोठं मैदान, एकच अरुंद फाटक, त्या फाटकाशी मोटरसायकली टेकवून उभी असलेली पोरं आणि अंधारी वाट, एवढ्यावर काम भागतं. तेरा वर्षांची मुलगी बागेत न येण्याचं कारण तुमच्या तक्रारवहीत कधीच लिहिणार नाही. ती यायची थांबते, इतकंच. तेव्हा पुढच्या आराखड्यासाठी सूचना मागवाल तेव्हा कार्यालयात बैठक ठेवू नका. शाळेत जाऊन मुलींशी बोला. कुठे बसावंसं वाटतं, कुठून जायला नको वाटतं, ते नकाशावर खुणा करून त्या स्वतः दाखवतील.

इथवर माणसांचं झालं. पण माणूस बागेत थांबतो तो केवळ बाक चांगला आहे म्हणून नाही. तिथे पाहण्यासारखं काही घडत असावं लागतं, आणि ते घडवणारे जीव आपण सफाईच्या नावाखाली उचलून कचरागाडीत टाकतो. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

झाडाखालचा पालापाचोळा दोन-तीन आठवडे न झाडता राहिलेला एखादा कोपरा पाहा. वरची पानं कोरडी, कुरकुरीत. ती हाताने बाजूला केली की खालची ओलसर, काळपट, जाळी पडलेली आणि त्यांच्या शिरांमधून पांढऱ्या बुरशीचे दोरे गेलेले. त्याखाली माती, भुसभुशीत आणि गार, पावसानंतर येतो तो वास असलेली. तिथे एक वाणी, म्हणजे पुष्कळ पायांचा लांबट किडा, सरपटत असतो. त्याला काडी लागली की तो अंगाचं वेटोळं करून निपचित पडतो, आणि सहा वर्षांचं मूल त्याच्या शेजारी उकिडवं बसून तो पुन्हा कधी उलगडतो याची वाट पाहतं. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मोबाइल मागत नाही, घरी चल म्हणत नाही. त्या मुलाला इतका वेळ धरून ठेवेल असं एकही खेळणं तुमच्या निविदांमध्ये नसतं.

पाचोळ्यात गांडुळं असतात, गोगलगायी असतात, पतंगांचे कोष असतात. ते खायला पक्षी खाली उतरतात. पाचोळा कुजून त्याच झाडाचं खत होतो, ओल धरून ठेवतो, पाणी देण्याचा खर्च वाचवतो. आपण रोज पहाटे तो झाडून काढतो, पिशव्यांत भरून शहराबाहेर पाठवतो, मग पैसे देऊन खत विकत आणतो आणि त्याच झाडाला घालतो. वाटा झाडा, हिरवळ झाडा, खेळाची जागा झाडा. झाडांखालची माती मात्र झाकलेलीच राहू द्या.

खोडाभोवतीच्या काँक्रीटचं आणि पेव्हर ब्लॉकचंही असंच. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक बारीक मुळं जमिनीच्या वरच्या फूट-दोन फुटांतच पसरलेली असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही जातात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. बुंध्यापर्यंत फरशी आणली की झाड एका रात्रीत मरत नाही. काही वर्षं कसंबसं तग धरतं आणि एखाद्या वादळात कोसळतं. मग दोष वादळाला दिला जातो.

वाळलेलं खोड दिसलं की मुळासकट काढायची घाईही आवरा. वाटेवर पडण्याचा धोका असेल तर फांद्या उतरवा, उंची कमी करा, पण लोकांच्या वर्दळीपासून दूर असलेलं खोड उभं राहू द्या. सुतार पक्षी त्यातच ढोली कोरतो आणि तो निघून गेला की स्वतःला ढोली कोरता न येणारे कितीतरी पक्षी तीच वापरतात.

असं केलं तर बाग अस्ताव्यस्त दिसेल, नागरिक तक्रारी करतील, हे खरं आहे. त्यावर जोन नासाउअर या भूदृश्य अभ्यासिकेने १९९० च्या दशकात एक साधी युक्ती मांडली. मोकळं वाढू दिलेल्या भागाला नीटनेटकी चौकट द्यायची. उंच गवत राखायचं, पण वाटेलगतचा हातभर पट्टा कापून सरळ ठेवायचा. एक बुटकं कुंपण, एक पाटी. मग पाहणाऱ्याला कळतं की इथे हेळसांड झालेली नाही, हे कुणीतरी जाणून राखलं आहे.

हे सगळं स्वप्नरंजन वाटत असेल तर दोन जागा सांगते. बर्लिनमध्ये एक रेल्वेयार्ड १९५० च्या दशकात बंद पडलं. रुळांमधून आपसूक उगवलेल्या झाडाझुडपांचं तिथे रान झालं. नागरिकांनी ते वाचवण्यासाठी लढा दिला आणि २००० मध्ये सुमारे १८ हेक्टरचं ते रान ज्यूडगेलेंडे निसर्गोद्यान म्हणून खुलं झालं. जुने रूळ आहेत तिथेच आहेत. नाजूक भागातून लोखंडी उंच वाट नेली आहे, त्यामुळे माणूस रानाच्या मधोमध जातो आणि पायाखाली काही तुडवलं जात नाही. दुसरी जागा सिंगापूरची. बिशान-आंग मो किओ बागेच्या कडेने २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा नाला वाहत होता. तो फोडून ३.२ किलोमीटरची वळणं घेणारी नदी केली, काठ वनस्पतींनी बांधले आणि २०१२ मध्ये बाग नव्या रूपात खुली झाली. जोराचा पाऊस झाला की पाणी काठावरच्या हिरवळीवर पसरतं, कारण तेवढी जागा त्याला दिलेलीच आहे. पाणी वाढू लागलं की धोक्याची सूचना मिळते. एरवी मुलं पाण्यात पाय सोडून बसतात. पुढे तिथे पाणमांजरंही येऊ लागली. पूर, निसर्ग आणि माणसं या तिन्हींचा विचार एकाच आराखड्यात झाला. असे तीन विभाग एका टेबलापाशी बसवणं किती कठीण असतं, ते तुमच्याइतकं कुणाला माहीत नसेल. पण ते घडलेलं आहे.

रात्रीच्या प्रकाशाचंही एवढ्यात सांगून टाकते. वाटेवर दिवे हवेत: बुटके, झाकलेले, प्रकाश पायाशी टाकणारे. उंच खांबावरच्या झगझगीत दिव्यांनी सगळी बाग उजळवली की कीटक दिव्यांभोवती फिरून फिरून मरतात आणि काजव्यांना एकमेकांच्या खुणा दिसत नाहीत. माणसालाही अशा उजेडात सुरक्षित वाटत नाही. उजेडाच्या पलीकडचं काहीच दिसेनासं होतं आणि झाडांवर गुंडाळलेल्या रंगीत माळांनी डोळ्यांना थारा मिळत नाही. वाट उजळा, बाकीच्या बागेला रात्र लाभू द्या.

आम्हा येणाऱ्यांचीही जबाबदारी आहे, आणि ती आम्ही पुरेशी पाळत नाही. मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून चालणारे आहेत, झाडाच्या सालीवर नावं कोरणारे आहेत, पाण्यातल्या पक्ष्यांना वाटेल ते खायला टाकून तळं नासवणारे आहेत, वेष्टनं टाकून जाणारे तर आहेतच. त्यांना अडवा, दंड करा, माझा पाठिंबा आहे. पण फाटकावर ‘हे करू नये, ते करू नये’ची जी लांबलचक पाटी असते, तिच्यात गवतावर बसण्याला आणि झाडाच्या फांद्या तोडण्याला एकाच ओळीत, एकसारखा गुन्हा ठरवलेलं असतं. त्याने कशाचंच गांभीर्य राहत नाही. ज्याने नुकसान होतं तेवढंच वर्ज्य करा आणि त्याचं कारण एका वाक्यात लिहा. उरलेल्या जागेत या आठवड्यात कशाला फुलं आली आहेत आणि कोणता पक्षी घरटं करतो आहे, ते खडूने लिहून ठेवा.

ते लिहायला माळ्याला सांगा. बागेची सगळ्यात जास्त माहिती ज्याच्यापाशी असते, त्याला आपण कधी काही विचारत नाही. पाणी कुठे साचतं, कोणतं झाड आतून पोखरलंय, कोणत्या बाकावर कोणती आजी येते आणि परवापासून का आली नाही, हे त्याला माहीत असतं. पण तो बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा माणूस असतो, ठेका बदलला की तोही बदलतो आणि त्याच्याबरोबर बागेबद्दलचं सगळं ज्ञान निघून जातं. बागेला कायमचा माळी द्या. त्याला बरा पगार द्या, पावसाळ्यात बूट आणि उन्हाळ्यात टोपी द्या, आणि आराखड्याच्या बैठकीत खुर्ची द्या.

तुमच्याकडून मला काय हवं आहे, ते आता नेमकेपणाने सांगते. तुमच्या अखत्यारीतली कोणतीही एक बाग निवडा. न कळवता, गाडी दूर ठेवून, पायी तिथे जा: एकदा सकाळी, एकदा भर दुपारी, एकदा रात्री बंद होण्याच्या वेळी. प्रत्येक वेळी अर्धा तास तिथेच थांबायचा प्रयत्न करा. शक्य असेल तर घरातल्या वयस्क माणसाला किंवा लहान मुलीला सोबत न्या. कुठे बसलात, का उठलात, काय बंद होतं, काय पाहिलंत, ते लिहून काढा. मग त्यातलं जे या वर्षीच्या देखभालीच्या तरतुदीतूनच होण्याजोगं आहे, त्याची यादी तारखेसह त्या बागेच्या फाटकावर लावा आणि खाली आम्हाला लिहायला जागा ठेवा.

आम्ही ती वाचू. झालेल्या कामापुढे खूण करू आणि राहिलेल्या कामाची आठवण तुम्हाला देत राहू.

आपली,
बागेत रोज फिरायला येणारी एक नागरिक